डिजिटल थर्मामीटर (मेडिकलमधला साधा, 180 रुपयांचा) : ताप बरोबर सांगतो, कामावर जायचं का ते तुमचं तुम्ही बघा

स्टार द्यायचे म्हणलं तर साडेतीन. वस्तू म्हणून चार देते, पण मी ज्या कामासाठी घेतला त्या कामाला तीनच, म्हणून मधला आकडा. आणि ते काम म्हणजे सकाळी सात वाजता, डबा भरायच्या आधी, ठरवायचं की आज जायचं का साहेबांना मेसेज टाकायचा. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहे, बिलिंग आणि डिस्पॅचचे कागद बघते, राहायला जुळे सोलापूरला, म्हणजे रोज स्कूटीवर गावाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंग गरम लागतंय, घसा धरलाय, पण उठता येतंय, असा दिवस सगळ्यांना माहितीय. झोपून राहावं तर नाटक केल्यासारखं वाटतं आणि जावं तर दुपारी टेबलावर डोकं टेकायची वेळ येते.

आधी वस्तूबद्दल सांगते. मेडिकलवाल्यानं तीन प्रकार दाखवले, एक कडक टोकाचा स्वस्तातला, एक मऊ वाकणाऱ्या टोकाचा, आणि एक कपाळावर धरायची ती बंदूक, ती हजाराच्या पुढं. मी मधला घेतला कारण घरात लहान पोरगं आहे, झोपेत हललं तरी टोचत नाही. काचेचा पाऱ्याचा मिळतोय का विचारलं तर म्हणला ताई ते बंद झाले आता. खरंच आहे, पाऱ्यावर 2013 ला जगातल्या देशांनी मिनामाता करार केला, त्यात पाऱ्याचे थर्मामीटर बनवायचं आणि आयात-निर्यात करायचं 2020 पर्यंत थांबवायचं ठरलं होतं. आमच्या सासूबाईंचा मात्र अजून विश्वास काचेच्यावरच, त्याच्यापेक्षा जास्त स्वतःच्या हातावर. कपाळाला हाताची मागची बाजू लावणार आणि निकाल देणार, "ताप नाही, कणकण आहे." आणि मी मशीन लावलं की, "कशाला सारखं मोजायलीस, तोंड बघून कळतंय की." गंमत म्हणजे त्यांचा हात ताप आहे का नाही एवढ्यापुरता बहुतेक वेळा बरोबर निघतो, फक्त किती आहे ते हाताला कळत नाही आणि मला साहेबांना सांगायला किती तेच पाहिजे असतं.

वापरायला सोपा आहे. बटन दाबायचं, टोक जिभेखाली अगदी मागं एका बाजूला सरकवायचं, मधोमध नाही, तोंड मिटायचं आणि नाकानं श्वास घ्यायचा. आता सर्दीनं नाक चोंदलेलं असताना तोंड मिटून मिनिटभर बसणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहिती. चहा पिल्या पिल्या लावू नका, अर्धा तास तरी जाऊ द्या, नाहीतर चहाचाच ताप मोजाल. पीपपीप झालं की झालं असं डब्यावर लिहिलंय, पण हे मशीन आकडा वर चढायचा थांबला की पीप करतं, आणि काखेत लावला तर तिथं अंगाची गरमी टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून काखेत पीप झाल्यावर पण थोडा वेळ तसाच दाबून धरते, आकडा अजून दोन-तीन पॉइंट सरकतो. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक डिग्री कमीच येतो, फॅरनहाइटमध्ये. तेव्हा काखेत 99.8 आला म्हणून "शंभरच्या आत आहे" असं म्हणून बॅग उचलायची नाही.

स्क्रीनला लाईट नाही, रात्री मोबाईलची टॉर्च मारून वाचावं लागतं, ह्याचा अर्धा स्टार कापला. मागचा आकडा लक्षात ठेवतो, बटन दाबल्या दाबल्या तो दिसतो, हे चांगलंय. सेल गोळीसारखा बारीक, एलआर 41, लवकर संपत नाही.

आता सोलापूरची खास अडचण. डब्यातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय की 10 ते 40 डिग्री सेल्सिअसच्या खोलीत वापरा. लिहिणाऱ्यानं मे महिन्यात सोलापूर बघितलं नसणार. दुपारी बाहेर 42-43 असतं, वरच्या पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त, तिथं कपाटात ठेवलेला थर्मामीटर काढून चालू केला तर तोंडात घालायच्या आधीच त्याला ताप, स्क्रीनवर नुसता एच, म्हणजे हाय. तो बिघडत नाही, खाली माठाजवळ थोडा वेळ ठेवला की ठिकाणावर येतो, पण मी आता उन्हाळ्यात तो खालच्या खोलीतच ठेवते. आणि उन्हातून आल्या आल्या मोजायचं नाही, पंख्याखाली बसायचं, पाणी प्यायचं, अर्धा तास जाऊ द्यायचा, मग.

बंदुकीबद्दल पण इथंच सांगते. कोरोनापासून आमच्या गेटवर एक आहे, वॉचमन मामा अजून अधूनमधून काढतात. ती कातड्याची गरमी बघते, आतली नाही. थंडीत सकाळी सगळ्यांचं 94, म्हणजे त्या हिशोबानं अख्खी शिफ्ट गारठून आडवी पडायला पाहिजे, आणि एप्रिलमध्ये दुपारच्या शिफ्टची माणसं सायकलवर उन्हातनं आली की सगळी तापलेली. मामा बिचारे म्हणतात, "जरा सावलीला थांबा, गार व्हा, मग या." सावलीत थांबून ताप उतरत असता तर डॉक्टर कशाला पाहिजे होते. घरासाठी हजार रुपये घालून ही घेऊ नका.

आता मुद्द्यावर येते. आपण 98.6 म्हणजे नॉर्मल असं पाठ केलेलं असतंय, तो आकडा कार्ल वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरचा, 1868 चा, त्यानं पंचवीसेक हजार माणसांची लाखो मापं घेऊन सरासरी काढली होती. अलीकडं मोजलं तर माणसांची सरासरी त्याहून थोडी खालीच येते. पण सरासरी काय आहे ह्यापेक्षा जास्त कामाची गोष्ट अशी की अंगाची गरमी दिवसभर एकसारखी नसतेच. पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी चार ते आठच्या मध्ये सगळ्यात जास्त, चांगल्या माणसाची सुद्धा, आणि तापात पण हाच खेळ. बायकांचं तर महिन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात एरवीपेक्षा अर्धा-एक डिग्री वरच असतंय, त्याला ताप म्हणत नाहीत.

आणि आपण ठरवतो कधी? सकाळी सातला. म्हणजे ताप सगळ्यात खाली असतो तेव्हाच नेमकं आपण मशीन तोंडात घालतो, 99.1 बघतो, "काय नाही, चल" म्हणतो, आणि संध्याकाळी चार वाजता गाडी भरायच्या टायमाला, ड्रायव्हर ई-वे बिलासाठी (माल वाहतुकीचा सरकारी कागद) समोर उभा, तेव्हा डोळ्यातनं वाफा. थर्मामीटर खोटं बोलला नाही, विचारायची वेळ चुकीची. म्हणून माझा नियम असा की आदल्या संध्याकाळचा आकडा आणि सकाळचा आकडा दोन्ही धरायचे. संध्याकाळी 101 होता आणि सकाळी 99 आहे, तर तो ताप गेलेला नाही, विश्रांतीला गेलाय. डॉक्टर लोक 100.4 च्या पुढं, म्हणजे 38 सेल्सिअस, पक्का ताप धरतात, आणि कामावर परत जायचं तर गोळी न घेता चोवीस तास तापाशिवाय गेले पाहिजेत असं सांगतात. ह्यातलं "गोळी न घेता" हे शब्द आपण सगळे सोयीनं विसरतो.

कारण आपली पद्धत काय, सकाळी उठून पॅरासिटॅमॉलची 650 टाकायची, पोहे खायचे, अंघोळ करायची आणि मग मोजायचं. तोपर्यंत गोळी लागलेली असतीय, आकडा नॉर्मल, माणूस खूश. गोळीचा जोर चार ते सहा तास. आठला घेतली तर जेवायच्या सुट्टीनंतर उतरला जोर. आधी मोजा, मग गोळी घ्या, एवढं जरी केलं तरी 180 रुपये वसूल.

आता ह्या मशीनचा मला झालेला खरा उपयोग. साहेबांना मेसेज टाकायचा म्हणजे पूर्वी केवढा निबंध लिहायचे मी, सर अंगात कणकण आहे, रात्री झोप नाही, घसा पण दुखतोय, तरी बघते जमलं तर दुपारी येते वगैरे. त्यावर उत्तर येणार, "बघा की मॅडम, दुपारपर्यंत बरं वाटलं तर या, आज कंटेनर आहे." कंटेनर रोजच असतो. थर्मामीटर आल्यापासून एक ओळ, "सर 101.4 आहे, आज येत नाही, बिलं काल रात्री मेल केलीत", खाली फोटो. उत्तर, "ओके. टेक केअर." एवढंच. आकड्याशी कुणी भांडत नाही. वाद घालायचा असतो तो कणकण शब्दाशी.

पण ह्याचीच दुसरी बाजू आता दिसायलीय आणि त्यासाठी मी स्टार कापलेत, मशीनचा दोष नसला तरी. साहेबांना फोटोची सवय लागली. पॅकिंगमधल्या एका मुलीचं अर्धं डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, उलटी होतीय, आणि तिला फोनवर पहिला प्रश्न, "ताप किती आहे?" ती म्हणाली ताप नाही. मग या. आली बिचारी, दुपट्टा डोळ्यावर ओढून टॉवेलच्या घड्या घालत बसली होती. पाळीच्या दुखण्याला आकडा नाही, जुलाबाला नाही, कंबर धरली त्याला नाही. डोळे आलेत त्याला तर तापाची गरजच नाही, डोळे आलेला एक जण कामावर आला की चार दिवसात अर्धं डिपार्टमेंट गॉगल लावून. आणि जुलाब-उलट्या होत असतील तर मेसमध्ये, कॅन्टीनमध्ये, डबे बनवायच्या कामात जी माणसं आहेत त्यांनी थांबल्यावर सुद्धा दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू नये, मग थर्मामीटर काही का म्हणेना.

सगळ्यात फसवं डेंग्यूचं. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, त्यामुळं प्रत्येक घरात बॅरल, टाकी, हंडे भरलेले, आणि डेंग्यूचा डास नेमका अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आठ-दहा दिवसात नवीन डास तयार. पावसाळ्यानंतर प्रत्येक गल्लीत कोणतरी सलाईनवर असतंय. ह्या तापात तीन ते सात दिवसांत ताप उतरतो, माणूस म्हणतो सुटलो, थर्मामीटर पण म्हणतो 98, आणि धोक्याचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तिथून सुरू होतात. पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यातनं रक्त, अंगात त्राण नाही, तर आकडा बघत बसू नका, सरळ सिव्हिल गाठा नाहीतर जवळचं कुठलंही हॉस्पिटल. आणि ताप डेंग्यूचा असेल अशी शंका जरी असली तरी अंगदुखीच्या जोरदार गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन, मेडिकलमधनं आपापल्या आणून खायच्या नाहीत, रक्तस्राव वाढतो, पॅरासिटॅमॉल तेवढी चालते. "ताप उतरला, उद्या येतो" हा मेसेज ह्या एका आजारात तरी घाईनं टाकू नये.

अजून एक गोष्ट जी कुठलंच मशीन मोजत नाही, ती म्हणजे रस्ता. माझ्या बाबतीत ऑफिसमध्ये बसून बिलं करणं एवढं अवघड नाही, 100 ताप असला तरी बोटं चालतात. पण अक्कलकोट रोडवर ट्रक आणि कंटेनरच्या मधून स्कूटी चालवायची, डोकं जड, वरून सर्दीची गोळी खाल्लेली. त्या सर्दीच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन असतं आणि त्यानं झोप येते, पाकिटावर बारीक लिहिलेलं असतं गाडी चालवू नका म्हणून, कोण वाचतंय. मी आता जाऊ का नको ह्याच्या आधी कशावर जाऊ हे विचारते. रिक्षानं जायची वेळ येत असेल एवढं बरं नसेल तर घरीच बरं, कारण रिक्षाच्या जाऊन-येऊन पैशात अर्धी हजेरी जाते. आणि मागाजवळ उभं राहणाऱ्यांचं तर विचारूच नका, चालू मागासमोर आठ-बारा तास उभं राहायचं, कानठळ्या बसवणारा आवाज, त्यात चक्कर आली तर माणूस कुठं पडेल त्याचा नेम नाही.

पण त्यांना हे सांगून उपयोग पण नाही, हे मला कळतंय. मी पगारावर आहे, माझी रजा शिल्लक असती. ठराविक संख्येच्या वर माणसं असलेल्या दुकान-ऑफिसला महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानं वर्षाला आठ कॅज्युअल रजा मिळतात, कारखान्यात वीस दिवस काम केलं की एक दिवस हक्काची रजा जमते, आजारपणाची वेगळी अशी नाही. ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा) असाल, म्हणजे महिन्याचा पगार 21 हजारांच्या आत, तर आजारपणात पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, पण त्यांच्या डॉक्टरचा दाखला पाहिजे आणि आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे एक-दोन दिवसाचा साधा ताप आला तर ती गेलेली हजेरी गेलीच. आणि जो पीसवर आहे त्याचा खाडा म्हणजे खाडा. आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईंच्या सासूबाई कुंभारीच्या घरकुलात विड्या वळतात, त्यांना मी थर्मामीटरचं कौतुक सांगत होते तर त्या हसल्या, म्हणाल्या, "बाई, ताप आला तर पडून वळायच्या, उतरला तर बसून. मोजून काय करू?" घरातच काम असल्यावर सुट्टी सांगायची कुणाला. पानं कारखान्यातनं आणलेली आहेत, तेवढ्या विड्या द्यायच्याच आहेत.

त्यामुळं हा रिव्ह्यू ज्यांची रजा भरपगारी आहे त्यांच्यासाठी, हे स्पष्ट लिहिते. तुमची रजा शिल्लक आहे, संध्याकाळी 100.4 च्या वर गेला होता, तर सकाळचा आकडा काहीही असू दे, जाऊ नका, खोकत आख्ख्या एसी केबिनमध्ये वाटत बसाल. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पाच-सात दिवस दुसऱ्यांना देत असतो, पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त. आमच्याकडं मार्चएंडला असे दोन जण "मी नाही आलो तर अडेल" म्हणून आले होते, पुढच्या आठवड्यात ऑडिटला अकाउंट्समध्ये नुसत्या खुर्च्या. आता ह्याला कामसू म्हणायचं का काय ते मालकांनीच ठरवावं. आणि ताप नाही पण सर्दी-घसा आहे, घरून करता येण्यासारखं काम आहे, तर तसं विचारा, आमच्याकडं पूर्वी नाहीच म्हणायचे, आता बिलिंगपुरतं हो म्हणतात, मात्र घरून काम करायचं ठरलं की आजारी आहे हे सगळे विसरतात आणि रात्री नऊला पण फोन येतात, तेवढं आधी बोलून घ्या. मी तर स्पष्ट सांगते, एकतर सुट्टी नाहीतर काम, अर्धं अर्धं नको.

घ्यायचा असेल तर मऊ टोकाचा घ्या, फॅरनहाइट-सेल्सिअस दोन्ही दाखवणारा बघा (माझ्यात बटन दाबून धरलं की बदलतं, पोरानं एकदा बदलून ठेवलं आणि सासूबाई 37 बघून घाबरल्या, एवढा कमी कसा म्हणून). शक्य असेल तर लाईटवाला घ्या, पन्नासेक रुपये जास्त जातील. दुकानातच डबा उघडून एकदा चालू करून बघा, माझ्या मैत्रिणीला सेल संपलेलाच दिला होता. वापरल्यावर टोक साबण-पाण्यानं नाहीतर सॅनिटायझरच्या कापसानं पुसायचं, गरम पाण्यात उकळायचं नाही. घरातला जुना काचेचा चांगला असेल तर फेकून देऊ नका, जपून वापरा, आणि फुटलाच तर पारा झाडूनं ओढू नका, पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, जाड कागदाच्या कडेनं थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा.

आणि फोटो पाठवणार असाल तर पीप झाल्या झाल्या काढा, दहा मिनिटांनी स्क्रीन आपोआप बंद होते आणि परत चालू केल्यावर जुना आकडा दिसतो तो सेकंदभरच, तेवढ्यात कॅमेरा काही निघत नाही.